साक्षीदाराला काही मिळत नाही

४ ऑक्टोबर

मृत्युपत्र फुकट करून देतात म्हणे! पंचावन्नच्या पुढचं कुणीही चालतं. म्हाताऱ्या गाढवांना सांभाळणारी कुठलीशी संस्था आहे, वकिलाची फी तीच भरते. पत्रक शेजारच्या बेरिलनं आणून दिलं. "क्लिफ, तू एकटा. उद्या काही झालं तर निस्तरत कोण बसणार? जा की!"

गाढवांना माझ्या मृत्युपत्राचं काय पडलंय? आणि बेरिलला एवढी घाई कसली? कुठंतरी पाणी मुरतंय.

६ ऑक्टोबर

शुक्रवार. बेरिलचं हॉटपॉट आलं, ओव्हनमध्ये मुरवलेलं मटण-बटाट्याचं कालवण. माझी बायको शीला गेली तेव्हापासून एक शुक्रवार चुकलेला नाही. आधी वाटायचं, भली बाई आहे.

आज वर न्हाणीघरात होतो. खाली येतो तर बेरिल बैठकीची खिडकी टेपनं मोजतेय! मला बघून टेप झटकन पर्समध्ये. "काही नाही रे, सहज." सहज कुणी दुसऱ्याच्या घराची खिडकी मोजतं? मी अजून जिवंत आहे, बाई!

हॉटपॉट मात्र खाल्लं. गरम होतं.

१७ ऑक्टोबर

वकिलीणबाईंकडे जाऊन आलो. मिस फॅरिंग्टन. शाळेतून नुकती सुटल्यासारखी दिसते. गाढवांची गोष्ट कधी काढते याची वाट बघत बसलो होतो. काढलीच नाही! शेवटी मीच विचारलं. म्हणाली, "द्यायलाच हवं असं काही नाही, मिस्टर एन्टविसल. वाटलं तर द्या." पक्की आहे. सक्ती नाही म्हणायचं आणि माणूस लाजेनं देतो.

मग म्हणे, "लग्नाचा विचार आहे का?"

"मला? सत्तरी उलटलीय, गुडघा लोखंडाचा आहे!"

"विचारावं लागतं. लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं."

"मग तुम्ही निर्धास्त राहा," म्हटलं.

घर पुतण्याला, नीलला. तो कॅनडात. नाताळला फोन करतो आणि हवा कशी आहे विचारतो. दुसरं आहे कोण? गाढवांना काही नाही.

२८ ऑक्टोबर

मृत्युपत्र टपालानं आलं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. सोबत सूचना – ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये, झाल्यास त्याला काही मिळणार नाही.

तीनदा वाचलं. हे तर भलतंच कामाचं निघालं! बेरिलला साक्षीला बोलावतो. डोळा घरावर असेल तर काहीतरी सबब काढेल. चष्मा नाही, हात दुखतो. मग कळेल.

१ नोव्हेंबर

झालं.

खिडक्या धुणारा लेन आणि बेरिल, दोघांना टेबलाशी बसवलं. ती सूचना मी मोठ्यानं वाचली. सावकाश, बेरिलच्या तोंडाकडे बघत. ती म्हणाली, "पेन कुठंय?" माझ्यानंतर सही करून मोकळी! लेन अजून नाव लिहीत होता तोवर हिनं चहा ओतला. माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, इतकं बरं वाटलं की बिस्किटांचा चांगला डबा काढला.

लेन गेला. बेरिल कोट घालता घालता दारात थांबली.

"ते मला वाचून दाखवत होतास ना? मलाच."

मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत बसलो.

"घरासाठी आणते होय रे मी हॉटपॉट? इतके दिवस? बरं झालं सांगितलंस." दार आपटलं नाही. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३ नोव्हेंबर

शुक्रवार. हॉटपॉट नाही. टोस्ट खाल्ला.

४ नोव्हेंबर

दारात एक पुडकं. आत पडदे. जाड, अस्तर लावलेले, बैठकीच्या खिडकीच्या मापाचे. चिठ्ठी नाही, काही नाही. गेल्या हिवाळ्यात मीच कुरकुरत होतो, त्या खिडकीतून वारा येतो म्हणून.

मी मूर्ख माणूस आहे. लाज वाटते.

५ नोव्हेंबर

बाहेर दरवर्षीच्या पाच नोव्हेंबरच्या शेकोट्या, फटाके. बेरिलकडे गेलो. दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

म्हटलं, "नवं मृत्युपत्र करतो. पदरचे पैसे घालून. दुसरे साक्षीदार. घर तुला."

"घर आहे मला. त्याच्या खिडक्या धड आहेत."

"मग काय हवंय तुला?"

"भांडं! माझं हॉटपॉटचं भांडं तुझ्याकडे राहिलंय. कधी धुऊन परत केलंयस? दरवेळी मीच येऊन घासते. आणि मेल्या, कधी आत येऊन जेवलायस माझ्याकडे? एकदा तरी? दोन ताटं घेऊन मी तुझ्या दारात, आणि तू म्हणणार, ठेव तिथं."

खरं आहे. मला वाटायचं, आत गेलो तर उपकार चढतील.

भांडं घासून घेऊन गेलो. तिनं आल्याचा पार्किन केक कापला. मोठा तुकडा मला दिला.

१० नोव्हेंबर

शुक्रवार. तिच्या घरी जेवलो. पडदे लावले का, तिनं विचारलं. नाही म्हटलं तर शिडी घेऊन स्वतःच आली. मी शिडी धरली.

१२ मार्च

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. शुक्रवारच काय, आता बाकीचे वारही तिकडेच जातात. घरी येऊन लिहायला काही उरत नाही.

गेल्या आठवड्यात बेरिलला एक विचारलं. नीट विचारता आलं नाही, गुडघा वाकत नाही. ती म्हणाली, "बघते." तेव्हापासून झोप नाही. तिला काय वाटलं असेल? तिच्या धड खिडक्यांवर माझा डोळा आहे?

२२ मार्च

बेरिलनं मृत्युपत्र केलं! त्याच गाढवांकडून, फुकट. सहीसाठी मला बोलावलं. लेन होताच. चष्मा नाकावर ओढून तिनं ती सूचना वाचली. मोठ्यानं, सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत. साक्षीदाराला काही मिळणार नाही.

"पेन कुठंय?" मी म्हणालो.

तिनं माझी सही वाळेपर्यंत पाहिली. मग हसली, पहिल्यांदा इतकं.

२३ मार्च

मिस फॅरिंग्टनना फोन केला. म्हटलं, दोन्ही मृत्युपत्रं येत्या जूनमध्ये आपोआप रद्द होतील. आणि नव्यात गाढवांना काहीतरी ठेवायचंय.