सर्वरवर एक्केचाळीस हजार लोक

७ जुलै
आजपासून रोजनिशी. मी नर्सिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. नव्या प्रिन्सिपल सुजाता मॅडमनं विचारलं, दीनानाथजी, सर्वर कसा आहे? म्हटलं, एकदम बढिया. तो पाहाचा कसा, हे मले माहीत नव्हतं, पण आवाजात दम होता.
साऱ्यांची नावं-पासवर्ड ठेवणारा हा डिरेक्टरी सर्वर आपली तब्येत आकड्यांत सांगते म्हणे. संकल्प: रोज आकडे वाचाचे. समजो ना समजो.

८ जुलै
आकडे सापडले. टोटल कनेक्शन एक्केचाळीस हजार. कॉलेजात माणसं सव्वातीनशे. म्हणजे हल्ला. बहुतेक परदेशी.
माझी ज्युनियर इंजिनियर प्रणिता म्हणे, सर, ती सर्वर सुरू झाल्यापासूनची बेरीज आहे. आत्ता आत किती, ते खालच्या ओळीत. खालची ओळ: बारा. म्हटलं, बाकीचे लपले असतीन. ती आपल्या टेबलावर जाऊन बसली. पटलं असावं.

१० जुलै
स्वतः स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाले सर्वरशी जुळते, आकडे आणते, टीव्हीवर लाल-हिरवे आलेख दाखवते. मॅडम म्हणाल्या, वा.
प्रणिता म्हणे, सर, हे कनेक्शन उघडते, पण बंद कुठं करते? म्हटलं, पहारेकरी मधातच घरी जाते का?
घरी बायकोले, नीरजाले, सारं सांगितलं. तिनं विचारलं, सुपेल्याच्या बाजारातून भाजी आणली का?

११ जुलै
आतले बारा होते, ते शेकड्यांत गेले. वाढूनच राहिले. हल्ला सिद्ध. स्क्रिप्ट आणखी एका कॉम्प्युटरवर लावली. आकडा दुप्पट जोरानं चढला. आपण पाहून राहिलो, हे शत्रूले समजलं.

१४ जुलै
तिसऱ्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा. एकाही पोरीचं लॉगिन होईना. सर्वरनं नवीन कनेक्शन घेणंच बंद केलं.
डोंगरगढहून आलेली दामिनी म्हणे, सर, आमचं साल जाईन का? म्हटलं, घाबरू नको, हल्ला मी ओळखला आहे. ती रडाले लागली. तिच्यामागच्या दोघीही.
मॅडमले म्हटलं, पोलिसात द्या. तेवढ्यात प्रणितानं सर्वरलेच विचारलं, हे सारे कुठून आले. जवळपास सारे दोनच कॉम्प्युटरवरून. म्हटलं, धरा त्यायले. ती हळूच म्हणाली, सर, दोन्ही तुमच्याच टेबलावर आहेत.
तिनं दोन्ही स्क्रिप्ट बंद केल्या. पोरी आत गेल्या. परीक्षा तासभर उशिरा झाली. दामिनी माझ्याकडे न पाहता पेपर सोडवत होती.

१५ जुलै
विचार केला तर हल्ला झाला आणि थांबलाही. मी आकडे पाहिले नसते, तर कोणाले समजलं असतं?
मॅडमनं सर्वरचा पासवर्ड प्रणिताले दिला. मले टीव्ही दिला. त्यावर नोटिसा लावाच्या. भरवशाच्या माणसाचंच काम.

१७ जुलै
दिवसभर कोणाचाच फोन नाही. साऱ्यांचं लॉगिन होऊन राहिलं म्हणे. दुपारी प्रणिताले विचारलं, मी काही करू का? तिनं खुर्ची पुढं केली. मग म्हणाली, सर, तुम्ही बसा ना.
बसलो.