विंचचा खांब हलला नाही

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून डायरी. जबाबदारी मोठी आली की नोंद पाहिजे.
शेठने बोट घेतली आहे. बोट कामरेजकडच्या फार्महाऊसवर टायरांवर ठेवली आहे आणि तिचा ट्रेलर आमच्या उधन्याच्या कारखान्यात आणून उभा केला आहे. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर कमरेएवढा लोखंडी खांब. त्यावर विंच, म्हणजे हाताने फिरवायची चरखी. तिच्या पट्ट्याने बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढायची आणि नाक खांबाला टेकवून बांधायची. खांब डुगडुगतो. शेठ म्हणाले, भटूभाई, आ हालवुं न जोईए, लाभपाचमे बोट पाणीमां. म्हणजे खांब हलता कामा नये, आणि दिवाळीनंतरच्या पंचमीच्या मुहूर्तावर बोट पाण्यात. मी म्हणालो, अर्ध्या दिवसाचं काम. शेठ एवढे खूश झाले की म्हणाले, पहेलो आंटो भाभीनो.
म्हणजे पहिली फेरी माझ्या बायकोची, रंजनाची. बावीस वर्षं सुरतेत राहून तिने तापी फक्त पुलावरून पाहिली आहे, तीही बसच्या खिडकीतून.

६ ऑक्टोबर
रंजनाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पूर्ण बिल्डिंगला कळलं. खालच्या इंदुबाईंनी विचारलं, बोटीत खुर्च्या असतात का. मी म्हणालो, असतात. बघावं लागेल.
रात्री जेवताना रंजनाने विचारलं, तुमले हाई जमी का? मी म्हणालो, कापडाचे एकशेवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळणाऱ्या मास्टरला एक खांब म्हणजे काय. ती म्हणाली, लूम पानीमा थोडंच जास. मग म्हणाली, ललितले बलावा, तो रोजना ट्रॉल्या बनाडस.
ललित म्हणजे तिचा भाऊ. चलथाणला फॅब्रिकेशनचं दुकान, साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या बनवतो. ऊस आणि बोट यात फरक असतो हे बहिणीला कोण सांगणार.

९ ऑक्टोबर
पाहणी केली. खांब दोन यू-बोल्टवर उभा आहे, बोल्ट गंजलेले, खालची प्लेट पापडाएवढी पातळ. निदान पूर्ण. वेळ लागला चार मिनिटं.
रंजनाने ललितला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, प्लेट जाड घ्या, दांडीच्या खालूनही एक द्या, यू-बोल्ट नवे, डबल नट. वेल्डिंग करू नका, खांब पुढेमागे सरकवता आला पाहिजे.
मी हो हो म्हणालो. सगळ्यांची मतं ऐकायची माझी पद्धत आहे. पण बोल्टचं मला कोणी सांगू नये. रोज सकाळी खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, झाडू मारला की सुपडीत अर्धा किलो नट-बोल्ट निघतात, सगळे हादऱ्याने गळलेले. एकदा सेटिंग सापडलं की वेल्डिंग मारायचं आणि विसरून जायचं. याच पद्धतीने मी मास्टर झालो.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज काम नाही. प्लॅनिंग. ड्रॉइंग काढलं. खांब फार देखणा आला. ट्रेलरला कागदावर जागा उरली नाही.

१५ ऑक्टोबर
खांब सोडवला. आता खरी सुरुवात.
दिवाळीच्या आधी खात्यातल्या प्रत्येक मशीनला रंग लागतो, ट्रेलरनेच काय घोडं मारलंय? पूर्ण दांडी पॉलिश पेपरने घासली, निळ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. खांब जिथे बसायचा तिथे गंजाचा एक जुना पट्टा होता, फार वाईट दिसायचा. तो जास्त जोर लावून घासला. आता नामोनिशाण नाही.
गायत्री कॉलेजातून येताना डबा द्यायला आली होती. डिप्लोमाला आहे. म्हणाली, पप्पा, खांब कुठे होता त्याचा फोटो काढला का? मी तिला समजावलं की मास्टरच्या डोळ्यात मोजपट्टी असते. ती मोबाइल काढता काढता थांबली. शिक्षणाचा परिणाम.

१७ ऑक्टोबर
वेल्डिंग झालं. बारा एमएमची प्लेट. दोन तिरपे आधार ठरले होते, चार दिले. मग डावी बाजू मोकळी वाटली म्हणून आणखी दोन. असा खांब पूर्ण गुजरातमध्ये नसेल.
जुन्या जागेवर, म्हणजे माझ्या अंदाजाने जुन्या जागेवर, आधार बसेनात. पुढे जमिनीवर टेकायचं छोटं चाक आडवं येत होतं. म्हणून खांब हातभर मागे घेतला. सव्वा हात असेल. अठरा फुटी बोटीला सव्वा हाताने काय फरक पडतो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
आज टेस्टिंग. ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, विंचचा पट्टा कारखान्याच्या गेटला अडकवला आणि फिरवत गेलो. अंगाला घाम. कडकड आवाज. मन घट्ट केलं आणि अजून चार फेरे दिले.
खांब हलला नाही. गेट निघालं.
वॉचमन लोटू गेटाखालून सुखरूप बाहेर आला. मी शेठना सांगितलं की एका टेस्टमध्ये दोन वस्तूंची तपासणी झाली, त्यात एक नापास. शेठ खांबाला लाथ मारून बघत होते. खांब हलेना म्हणून इतके हसले की गेटाचं राहूनच गेलं.
आजचा दिवस मला फार आवडला.

२० ऑक्टोबर
कारखाना बंद. लाइनीतली सगळी घरं अमळनेर, पारोळा, धुळ्याकडे निघाली. आम्ही थांबलो. रंजना पहिल्यांदाच दिवाळीत माहेरी गेली नाही, बोटीसाठी. लोकांना कारण विचारायची संधी देत ती जिन्यात बराच वेळ उभी होती.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
रंजना गेली नाही म्हणून ललितच आला. ओवाळणी झाली. मग मीच त्याला कारखान्यात नेलं. म्हटलं, शिकेल.
तो खांबाभोवती दोनदा फिरला. वाकून बघितलं. म्हणाला, वेल्डिंग सुंदर आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो.
मग विचारलं, बोट ठेवून पाहिली का? मी म्हणालो, रविवारी ठेवायचीच आहे. त्याने खिशातून टेप काढला, खांबापासून मागच्या मोठ्या चाकापर्यंत मोजलं, बोटीची लांबी विचारली आणि टेप गुंडाळून ठेवला. मी त्याला घरून आणलेली करंजी दिली. करंजी खाऊन म्हणाला, दाजी, बोट मांगे जाई, दांडी वर उठी. उद्या ग्राइंडर आणतो, तासाभरात खांब पुढे घेऊ.
मी म्हणालो, सणासुदीला लोखंड कापत नाहीत. असं काही असतं की नाही माहीत नाही. पण सहा आधार आहेत त्याला. कापायचा कसा?

२५ ऑक्टोबर
रंजनाने मोरपंखी साडीला इस्त्री केली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, ओली झाली तर बदलायला दुसरी साडी. मला एकदाच विचारलं, समदं बराबर शे ना? मी म्हणालो, शंभर टक्के. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. इंदुबाईंना सांगत असेल.

२६ ऑक्टोबर, लाभपाचम, सकाळी ९
फार्महाऊस. आठ जणांनी बोट उचलून ट्रेलरवर ठेवली. नाक खांबाला बरोबर टेकलं. पट्टा आवळला. शेठने नारळ फोडला, रंजनाने हळदकुंकू वाहिलं. इतका वेळ दांडी मी दाबून धरली होती, ती सोडली.
दांडी वर गेली. सावकाश, कोणी बोलावल्यासारखी. बोटीचं बूड मागे मातीत टेकलं आणि विंच माझ्या डोक्यावरून आकाशाकडे निघाला. खांब मात्र जागचा हलला नाही, हे मी सर्वांना दाखवलं.
शेठ म्हणाले, आ शुं थयुं? मी दांडीला लोंबकळलो. खाली आली. उतरलो, वर गेली. पुन्हा लोंबकळलो. म्हणालो, नदी समोरच आहे, मी असाच बसून येतो. रंजना पदर सांभाळत उभी होती, तिच्याकडे बघवेना.

तोच दिवस, दुपारी २
ललित आला. टेम्पोत ग्राइंडर, जनरेटर, दोन जाड प्लेटा, चार नवे यू-बोल्ट. बोल्ट मापाचे. भाऊबीजेलाच माप घेऊन गेला होता. आणि रंजनाने त्याला कालच फोन केला होता. गॅलरीतून.
माझं वेल्डिंग कापायला तीन तास लागले. ललित दोनदा म्हणाला, दाजी, काम पक्कं शे. मी त्याला पाणी देत होतो.
खांब पुढे सरकवला, बोट ठेवली, नट आवळले. मग त्याने दांडी एका हाताने उचलून दाखवली आणि हळूच खाली ठेवली.

तोच दिवस, संध्याकाळी ७
साडेचारला बोट पाण्यात. शेठने सगळ्यांच्या आधी रंजनाचा हात धरून तिला बसवलं. शब्द पाळला. मग गायत्री, मग ललितला बोलावलं. मला म्हणाले, भटूभाई, आवो. मी म्हणालो, विंचवर कोणीतरी थांबायला हवं. कोणीही थांबायची गरज नव्हती.
बोट मधोमध गेली. रंजना हसत होती, काठापर्यंत ऐकू येत होतं. मी हात हलवला. तिने बघितलं की नाही कळलं नाही. मला वाईट वाटलं. तिची फेरी झाली, पण ती माझ्यामुळे झाली नाही, आणि होणार नाही हे तिला आधीच माहीत होतं.
परतल्यावर ती म्हणाली, तुम्ही का बरं नही बसनात? मी म्हणालो, सुपरव्हिजन. तिने पुऱ्यांचा डबा उघडून आधी मला वाढलं.

२७ ऑक्टोबर
सकाळी इंदुबाई आल्या. रंजनाने नदी सांगितली, वारा सांगितला, पाणी हाताला कसं लागतं ते सांगितलं. इंदुबाईंनी विचारलं, भटूभाऊ कुठं बसले होते?
रंजना म्हणाली, माझ्या शेजारी.
मी आतल्या खोलीत होतो. त्या जाईपर्यंत बाहेर आलो नाही.