पहिल्या सात गाण्यांतला हम

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, पूर्वीचा धंदा ध्वनिमुद्रण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, दोन मजले उतरवत नाहीत. डोके जागेवर आहे, आणि कान या वयाला शोभू नयेत इतके तिखट आहेत. डॉक्टरीणबाई साक्षीदार म्हणून समोरच बसल्या आहेत. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या हाताखाली शिकली आणि माझ्या पुढे गेली. आमचे अकरा महिने बोलणे नाही, पण त्याचा घराशी संबंध नाही. मोरीचा नळ अर्धाच फिरवावा.

२. टेपचे मोठे मशीन, हेडफोन आणि सोल्डरिंगची पेटी तिलाच. वायरमनला काही ठेवलेले नाही, कारण तो दुसरा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. हे कळल्यावर तो म्हणाला, “मग दुसरा साक्षीदार बघा की.” चाळीस वर्षांची ओळख आहे, येईल.

३. रॉकच्या तीनशे बारा रेकॉर्डी. त्यांतल्या एकोणचाळीस माझ्याकडे दोनदा आहेत, जुनी छपाई आणि रीमास्टर, म्हणजे जुन्या टेपवरून आवाज साफ करून काढलेली नवी. लोक विचारतात, कोणती चांगली? धंद्याला स्मरून सांगतो, की काही नव्या खरोखर सुधारल्या आहेत. गाळात बुडालेला बेस वर आला, झांजेवरची धूळ गेली. पण बहुतेकांत हळू आणि मोठा आवाज एकाच उंचीला आणून ठेवला आहे. पाहुण्याने दारातूनच ओरडत यावे आणि जाईपर्यंत ओरडत राहावे, तसे वाटते. प्रत्येक जोडी एकत्र ठेवावी. जुनी फेकून नवी ठेवणाऱ्याला दोन्ही मिळू नयेत.

४. चाळीसावी जोडी वेगळी आहे. मूळ रेकॉर्ड मी केली, अडतीस वर्षांपूर्वी. गाणारा माझा मित्र. सगळे त्याला शिट्टी म्हणत, कारण बोलण्याआधी तो शिट्टी वाजवायचा. आठ गाणी. रेकॉर्ड बाहेर येण्याआधीच तो गेला, तेव्हा त्याचा मुलगा दोन वर्षांचा होता. त्या मुलानेच आता रीमास्टर काढली आणि काम माझ्या भाचीने केले. आज संध्याकाळी त्या रीमास्टरचा प्रकाशन समारंभ आहे. मला बोलावणे नाही, आणि ते बरोबरच आहे.

भांडण असे झाले. पहिल्या सात गाण्यांत मागे सतत एक बारीक घूं आवाज आहे. विजेचा असतो, आमच्या धंद्यात त्याला हम म्हणतात. आठव्या गाण्यात तो नाही. भाचीने सातही गाण्यांतला हम पुसून काढला. मी म्हणालो, पुसू नका. दोघांनी कारण विचारले. मी जुन्या आवाजाचा ऊबदारपणा वगैरे काहीबाही बोललो. चार लोकांत मुलगा म्हणाला, “काका, तुम्हाला हम आवडतो, आम्हाला गाणं आवडतं.” सगळे हसले. एका समीक्षकाने तर लिहिले की मूळ रेकॉर्ड करणाऱ्याच्या कानात मळ होता. त्याला माझ्या वस्तूंतले काहीही देऊ नये.

मूळ टेप कपाटात खालच्या कप्प्यात आहे. ती शिट्टीच्या मुलाला द्यावी. सातवे गाणे संपते आणि आठवे सुरू होते, ती जागा त्याने ऐकावी. तिथे हम थांबतो. तो मी थांबवला.

५. हे कलम मी मरेपर्यंत उघडू नये असे लिहिणार होतो.

आठवे गाणे अगदी हळू सुरू होते. शिट्टीला त्यात हम नको होता. मी त्याच्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग उघडला, अर्थिंगची वायर सोडवली, टोकाला चिकटटेप गुंडाळून आत सारली आणि प्लग बंद केला. हम गेला. शिट्टीने माझ्या गालाचा मुका घेतला. अशी वायर तेव्हा पुष्कळ जण काढत. काम झाल्यावर पुन्हा जोडायची असते. मी जोडली नाही. तो हम म्हणजे त्या अॅम्प्लिफायरच्या डब्यातून गळणारी वीज जमिनीत उतरण्याचा आवाज होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. सरावाला त्याने एका हातात गिटार धरली, दुसऱ्या हाताने माईक ओढला, आणि ती वीज त्याच्या अंगातून गेली.

फरशी कोरडी होती. पोछ्याची बादली मी उपडी केली, लोक आत यायच्या आधी. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला, किती वेळा सांगितले होते, असे मी वहिनींना, शिट्टीच्या बायकोला, सांगितले. त्या मलाच धीर देत होत्या.

अ‍ॅम्प्लिफायर आठवण म्हणून वहिनींकडे गेला. अडतीस वर्षे त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, वर कापड आणि फुलदाणी. मी दर महिन्याला तिथे चहा प्यायलो आणि त्या प्लगला हात लावला नाही. लावला असता तर कुणीतरी विचारले असते, का उघडता म्हणून. तो डबा पुन्हा कुणी चालू करणार नाही, असे मी धरून चाललो.

६. इथपर्यंत सकाळी लिहिले. आता दोन वाजून दहा मिनिटे. वायरमन सहीला आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “शिट्टीचा डबा निघाला बघा. पोरगा टेम्पोत घालून हॉलवर नेत होता. आज बापाच्याच डब्यावर वाजवणार म्हणे.”

मुलाला पाच वेळा फोन केला. तो माझा नंबर बघून कापतो. मी पुन्हा हमबद्दल बोलणार असे त्याला वाटते, आणि मी तेच बोलणार आहे. भाचीने उचलला. म्हणाली, “मामा, आज तरी नको. आजचा दिवस त्याचा आहे.” मी घसा साफ करत होतो तेवढ्यात तिने ठेवला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या फोनवरून केला, तर दोघांचेही बंद. वाजवायला बसले असतील.

वायरमनला वरचे कलम वाचायला दिले. त्याने ते उभ्यानेच वाचले, माझ्याकडे पाहिले नाही, पक्कड खिशात घातली आणि गेला. चपला इथेच राहिल्या आहेत.

अडीच. तीन वाजून पाच. डॉक्टरीणबाई माझी नाडी धरून आहेत आणि आकडा सांगत नाहीत.

७. माझ्या अंत्यविधीला कसलेही संगीत नको.

साक्षीदार क्रमांक एक, डॉक्टर: लिहिणारे गृहस्थ शुद्धीवर आहेत. माझ्यासमोर लिहिले. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन, वायरमन: मी पोचलो तेव्हा डबा चालू होता. गिटार पोराच्या गळ्यात होती, माईक हातभर लांब. मी आधी मेन बंद केला, मग शिव्या खाल्ल्या. प्लग उघडला. वायर आतच होती, टेप वाळून कडक झालेली. सगळ्यांसमोर जोडली आणि मेन चालू केला. हम आला. पोराने माईककडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. म्हणाला, “हा तर जुन्या रेकॉर्डमधला आवाज. मग तेव्हा बंद कुणी केला?” मी म्हणालो, कागदात आहे, चल. (सही)

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला. वार शुक्रवार, तारीख आठ, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. साक्षीदारांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या, माझी त्यांच्यासमोर. मुलगा खाली जिन्याच्या तोंडाशी उभा आहे. सही वाळली की हे कागद त्याच्या हातात द्यायचे आहेत. तो वर येत आहे. शिट्टी ऐकू येते, बोलण्याआधीची.

(सही)