हातावरचं दही

मळवली, सोमवार, १२ नोव्हेंबर १९७३

मुंबईच्या इस्पितळातून तपासणीचा कागद आला. दोन पानं, इंग्रजीत. जेवण झाल्यावर ह्यांना मराठीत वाचून दाखवला. किरणोत्सर्गी औषध शिरेतून देणार. ते यकृतात जाणार, तिथून पित्ताशयात, आणि वरून यंत्र त्याची वाट टिपणार. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. आजपासून आयोडीनचे थेंब, म्हणजे गळ्यातली ग्रंथी औषध ओढून घेणार नाही. नंतर दोन दिवस भरपूर पाणी प्यायचं, संडासात जास्त पाणी ओतायचं, तान्ह्या मुलांना जवळ घ्यायचं नाही.

हे म्हणाले, "म्हणजे मी काजव्यासारखा चमकणार?"

ठमाबाई भांडी घासता घासता, "बरं हाय की आबा, रॉकेल वाचंल."

तिघंही हसलो. किती दिवसांनी.

उपाशी राहण्याच्या ओळीखाली पट्टी धरून लाल रेघ मारली. शाळेत नन्सनी लावलेली सवय. ह्यांचं हृदय अशक्त. पित्ताशय खरंच बंद असेल तरच कापायचं, असं डॉ. म्हणालेत. सगळं या एका तपासणीवर.

शुक्रवार, १६

काल जाऊन आलो.

पहाटे मोटार दारात उभी. हे पायरीवर थांबले. मी आतून वाटी आणली, हातावर दही-साखर ठेवली. नेहमीसारखी. ह्यांनी खाल्ली, हात धोतराला पुसला, निघालो. लोणावळ्याला गाडीत बसलो. खंडाळ्याच्या बोगद्यात अंधार झाला आणि ती लाल रेघ डोळ्यांपुढे आली.

सहा वर्षांपूर्वी अनिल याच पायरीवरून निघाला होता. आदल्या दिवशीचं भांडण माझ्या डोक्यात होतं. दही दिलं नाही. आतच बसून राहिले. मोटारसायकल घाटात सापडली, संध्याकाळी. एकुलता एक. तेव्हापासून या घरातून कुणी गावाला निघालं आणि मी वाटी आणली नाही, असं झालेलं नाही.

इस्पितळात पांढऱ्या कोटातल्या मुलीने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही."

मी तो कागद दुमडून पिशवीच्या तळाशी सारला.

शनिवार, १७

ठमाबाई नातीला घेऊन अंगणातच उभी राहिली. सात महिन्यांची पोर. ह्यांना पाहिलं की झेपावते. आजही झेपावली. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले.

"उद्या, बाळा."

ठमाबाई तिला म्हणाली, "आज आबा सोवळ्यात हायती गं."

खळ्यावर भात झोडत होते. पेंढ्याचा वास घरभर. अनिल त्या पेंढ्यात लोळायचा, मग अंग खाजतं म्हणून रडायचा.

मंगळवार, २०

डॉ.चं पत्र. यकृतात औषध नीट उतरलं, पित्ताशय मात्र दिसलंच नाही. बंद पडलेलं असावं. ३ डिसेंबरला शस्त्रक्रिया. धोका आहे, पण आता दुसरा इलाज दिसत नाही.

हे शांत. मृत्युपत्राचे कागद कुठे ठेवलेत ते मला दाखवलं. मी जेवले नाही. जमलंच नाही.

शाळेत फादर यायचे तेव्हा ख्रिस्ती मुली रांगेने आत जाऊन पापं सांगून यायच्या. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर. बाहेर येताना त्यांचे चेहरे कसे हलके दिसायचे. आज…

बुधवार, २१

त्या सकाळी दही द्यायचं नव्हतं, ते सांगितलं ह्यांना.

म्हणाले, "ठाऊक होतं मला."

"मग खाल्लंत का?"

"तू वाटी घेऊन आलीस तेव्हा तुझा चेहरा कसा होता, तुला नाही माहीत. नको कसं म्हणणार होतो?"

"आणि त्या मुलीला खोटं सांगितलंत."

"चमचाभर दही गं. त्याने काय होतंय."

दुपारी लोणावळ्याला पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. डॉ.ना दह्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पोटात काही गेलं की पित्ताशय आवळतं. औषध आत शिरत नाही. कदाचित त्यामुळे दिसलं नसेल. कदाचित खरंच बंद असेल. मला आता सांगता येत नाही. पुन्हा करू." औषध पुढच्या बुधवारी येणार.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, २७

घरातलं दही, विरजणासकट, ठमाबाईला देऊन टाकलं.

"समदंच? आन् उद्या बाई?"

"उद्या काही नाही."

ती भांडं घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "म्या आणून दिऊ का येका बोटाएवढं? देवाला दावून?"

"नको गं." तिच्यावर ओरडले. ती रडली, मीही.

बुधवार, २८

इस्पितळाच्या बाकावर लिहितेय. ह्यांना आत नेऊन तास झाला. आतून यंत्राची टकटक ऐकू येते, मध्येच थांबते. थांबली की मी पेन उचलते.

पहाटे हे पायरीवर आले आणि उजवा हात पुढे केला. सवयीने. लगेच लक्षात आलं त्यांच्या, पण हात मागे घेतला नाही. मीही तशीच उभी. मोटारवाल्याने भोंगा वाजवला.

मग त्यांनीच मूठ मिटली आणि पायऱ्या उतरले.

निकाल संध्याकाळी सांगणार आहेत. आताच त्या मुलीने दार उघडून विचारलं, "आजी, आज नक्की काही दिलं नाही ना?"

नाही, म्हटलं. काहीच दिलं नाही.