डी विंगचं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०
सोसायटीतला रानटीपणा बंद करायचा, असं आज ठरवलं. पाणी एक दिवसाआड येतं, थेट घरातल्या पिंपात भरून ठेवायचं. वॉचमन काशीराम एकेका विंगचा व्हॉल्व्ह फिरवतो आणि पान्याने पाइप बडवतो. ए विंगला एक ठोका, बीला दोन, सीला तीन, आमच्या डीला चार. विरारसारख्या शहरात शिकलीसवरलेली माणसं ठोके मोजून पिंपाकडे धावतात. शिसारी येते.

निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो आहे. काशीराम मोबाइलवर विंगचं बटण दाबेल, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप जाईल. रविवारपर्यंत तयार.

५ फेब्रुवारी, गुरुवार
प्रोग्रामचा क्लास लिहिला. आत चार मेथड, म्हणजे एकेक काम करणारे चार तुकडे, विंगला एक. मुलगी ज्ञानदा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने स्क्रीन बघून नाक मुरडलं. म्हणाली, निरोप पाठवायच्या त्याच अठ्ठावीस ओळी चारदा कशाला? फक्त निरोप पाठवणारी पाचवी मेथड करा आणि या चौघींतून तिला कॉल करा.

किळस आली. चार धडधाकट मेथड, आणि साध्या निरोपासाठी पाचवीला हाका मारायच्या? छत्तीस वर्षं ऑफिसात हेच बघितलं. साहेब क्लार्कला सांगणार, क्लार्क शिपायाला. मी माझ्या फाइलला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. माझी मेथडही कुणाच्या दारात जाणार नाही. कॉपी, पेस्ट. एकशे बारा ओळी. भरगच्च दिसतं.

८ फेब्रुवारी, रविवार
चाचणी यशस्वी. कमिटीने ठोके बंद केले. सेक्रेटरी एरॉल सी विंगमध्ये राहतात, ते म्हणाले, बरं झालं, डोकं उठायचं. पाना मी जप्त करून ड्रॉवरमध्ये ठेवला. काशीराम रिकाम्या हाताकडे बघत व्हॉल्व्हकडे गेला. अशा लोकांना बदल सोसत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. ओंगळ प्रकार. एरॉलनी वैतागून नवा ग्रुप काढला, जुना बंद. म्हणजे प्रोग्राममध्ये ग्रुपचा नंबर बदलणं आलं, चार ठिकाणी. ज्ञानदा म्हणाली, पाचवी मेथड असती तर एकाच ठिकाणी बदलला असता. ए, बी, सी झालं. तेवढ्यात बायकोने, यमुनेने, पानं घेतली. सुरमई होती. डीचं जेवून उठल्यावर.

दुपारी ४.१५
डोळा लागला. उद्यापासून जेवल्यावर शतपावली.

शनिवारी साडू येणार, सहकुटुंब. जितेंद्रने घरावर सोलर बसवलंय, ते वर्षभर ऐकतो आहे. शनिवारी त्याला निरोप येताना दाखवायचा. एकदा तरी त्याचं तोंड बंद झालं पाहिजे.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.३०
सहा माणसं आली. पिंप तळाला. यमुना म्हणाली, नळ उघडाच ठेवते. मी बंद केला. मग निरोपाला अर्थ काय राहिला? जितेंद्रला मोबाइलसमोर बसवलं.

१०.५०
ए, बी, सीचे निरोप आले, डीचा नाही. जितेंद्र कंटाळून आंघोळीला गेला. एक बादली शिल्लक होती.

११.१५
एरॉलच्या गॅलरीत धुणं वाळत घातलंय, ओलं. नेटवर्क गेलं असणार. मोबाइल कंपन्यांचा तिटकारा येतो.

११.२५
जितेंद्र आतून हाका मारतो आहे. डोक्याला साबण. यमुना रिकामं पिंप वाजवून दाखवते आहे. शेवटी खिडकीतून काशीरामला विचारलं. तो म्हणाला, "डीचा पानी येऊन गेला, साहेब. बटन दाबला व्हता मी."

दुपारी १
डीचा निरोप जुन्या, बंद ग्रुपला गेला होता. आमच्या विंगचे बारा फ्लॅट कोरडे. एरॉलच्या बायकोने, क्लाराने, दोन बादल्या दिल्या. सी विंगमधून खाली, मग तीन मजले वर, मीच आणल्या. जितेंद्रने डोकं धुतलं आणि जेवताना सोलरविषयी बोलला नाही. एवढंच म्हणाला, "छान आहे हो तुमचं सॉफ्टवेअर."

१५ फेब्रुवारी, रविवार
ज्ञानदाने पाचवी मेथड लिहिली. चौघींतून तिला कॉल. एकशे बारा ओळींच्या चाळीस झाल्या. चार मिनिटं लागली, ती पण चहा पीत. लाज वाटली. पाचवीची कल्पना मुळात तिचीच होती, हे कमिटीला सांगितलं नाही.

कमिटीचा निरोप आला: पाना परत द्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.२०
काशीरामने ठोके दिले. एक. दोन. तीन. डीला चार दिल्यावर तो आमच्या खिडकीखाली आला आणि मोठ्याने म्हणाला, "रमेशसाहेब, पानी आला."

यमुनेने सांगून ठेवलं होतं म्हणे. अख्खी विंग गॅलरीत आली. मी ओ दिली आणि नळ उघडला.