वाढती मापं

प्रिय शेंगे,

तुला तिकडे शोच्या तालमीला जाऊन आठ दिवस झाले आणि तुझा निरोप आला तो एकच : 'मावशे, इथल्या शिंपीणबाईंचे हात बर्फासारखे गार आहेत!' वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फोनच करणार होते, पण फोनवर तू हसायला लागतेस आणि मी मुद्दा विसरते. म्हणून हे पत्र.

इथे मान वर करायला सवड नाही. मोठा फॅशन शो महिन्यावर आलाय. चौदा पोशाख, त्यातले चार तुझे, आणि शेवटचा पांढराही तुझाच. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलींना मंचावर उतरवायचं नाही, असा नियम घाटतोय. त्यावरून कारखान्यात रोज जुंपते. मालक म्हणतात, "गुण काय जन्मदाखला बघून येतो?" इस्त्रीवाली काकू म्हणते, "मग थांबेल की दोन वर्षं, कुठं पळून चाललाय?" कटिंग मास्तर दोघांनाही हो म्हणतात आणि चहा मागवतात. मी मान खाली घालून टाके घालते. तुझ्या आईने कागदावर तुझं वय अठरा लिहिलं तेव्हा मी गप्प बसले होते ना, आता कुठल्या तोंडाने बोलणार?

पण एक सांगते. तीस वर्षं मी मुलींच्या अंगावर कपडे बेततेय, तुझ्यासारखी पाहिली नाही. मागच्या शोमध्ये घाईघाईत माझ्या हातून डावीकडची किनार बोटभर आखूड शिवली गेली. लक्षात आलं तोवर तू पडद्यापलीकडे पोचली होतीस. मी पडद्याची कड धरून बघत राहिले. आणि तू? डावं पाऊल जरा आखडतं टाकत गेलीस, वळताना ती बाजू मागे ठेवलीस, जणू पोशाख तसाच बेतला होता. आत आल्यावर मला चिमटा काढून म्हणालीस, "मावशे, चष्मा बदल." मालकांना अजून पत्ता नाही. हे शिकवून येत नाही गं. अंगातच असावं लागतं.

बाकीच्या मुलींची मापं वहीत वर्षानुवर्षं तीच असतात. तुझं पान मात्र खाडाखोडीने भरलंय. वर्षात उंची दोन इंच वाढली, खांदे रुंदावले, पायसुद्धा वाढला. म्हणून तुझ्या प्रत्येक शिवणीत मी जास्तीच्या कापडाची माया ठेवायची आणि कुणाला न सांगता उसवत राहायची. तू निघालीस त्या दुपारी पांढरा पोशाख कमरेत बसेना. मी कात्री घेतली, तर मालक म्हणाले, "कापडाला हात लावू नका. पोरीला म्हणावं, जेवण आवरतं घे." तुझी आई म्हणाली, "ताई, महिन्याभराचा तर प्रश्न आहे." त्यांचं एक वेळ जाऊ दे. पण निघताना मी डबा पुढे केला, तर तू तो न उघडताच परत दिलास. आदल्या दिवसापर्यंत माझ्या डब्यातलंही पळवणारी तू!

काल नियम ठरवणारी समिती कारखान्यात आली. मालकांनी तुझा कागद पुढे केला, सगळं सुरळीत चाललं होतं. त्यातल्या एक बाई पोशाख न्याहाळत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "या मुलीला किती वर्षं ओळखता?" मी म्हटलं, "जन्मली तेव्हापासून. सोळा वर्षं, दोन महिने." मालकांच्या हातातला कप तिथेच थांबला. नियम होईल तेव्हा होईल, पण या शोच्या यादीतून तुझं नाव काल संध्याकाळीच निघालं, आणि ते मी घालवलं. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. पांढरा पोशाख दुसऱ्या मुलीच्या मापाचा करायचं काम माझ्याकडेच आलंय, ते मी करेन. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. चीड, भांड, वाटलं तर वर्षभर अबोला धर. पण पत्र खाली ठेवलंस की आधी पोटभर जेव.

तू बोलेपर्यंत वाट बघणारी,
तुझीच मावशी