पहिलवान कुणाचा

३ मार्च, सोमवार

फक्त त्यांचं नाव! पुरस्काराची आमंत्रणपत्रिका आज टेबलावर येऊन पडली. ‘वर्षातली उत्कृष्ट अक्षररचना’ — आणि खाली साहेबांचं एकट्याचं नाव. छापली आहे कशात? पहिलवानात! म्हणजे माझ्याच अक्षरांत छापून मलाच वगळलं.

पहिलवान हे त्या फॉन्टचं आमच्या ऑफिसातलं लाडकं नाव. बोल्ड सेरिफ. त्याचं साधं रूप साहेबांनी काढलं, कबूल. सडपातळ, नीटस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बोल्ड म्हणजे काय नुसतं जाड करणं? साध्याला फुगवलं की ‘ब’चं पोट बुजतं, ‘क’चे दोन्ही डोळे मिटतात. एकेक अक्षर नव्याने उभं करावं लागतं. दोन वर्षं केलं मी ते. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टाचा. त्या मी जड केल्या आणि खालून किंचित पोखरल्या, म्हणून एवढा दांडगा गडी फतकल मारून बसत नाही, उभा राहतो. हे मी केलं. मी!

५ मार्च, बुधवार

दूध उतू गेलं. नवऱ्याने ओटा पुसला, त्याचाही राग आला.

६ मार्च, गुरुवार

आज चालत ऑफिसला गेले. जिकडे बघावं तिकडे पहिलवान. औषधाच्या दुकानावर, शाळेच्या फाटकावर, ‘रंग ओला आहे’च्या पाटीवर. भंगारवाल्याच्या टेम्पोवर तर कुणा नतद्रष्टाने त्याला आडवा ताणलाय — टाचा फाकवून बदकासारखा उभा! थांबवून भांडले. भंगारवाला म्हणाला, “बाई, लांबून वाचता येतं ना? मग झालं तर!”

येतं. तेच तर म्हणतेय! साहेबांच्या त्या सडपातळ अक्षरात ‘सावधान’ लिहून दाखवा कुणीतरी. माणूस खड्ड्यात पडल्यावर वाचेल.

१० मार्च, सोमवार

शेवटी विचारलंच. साहेब पेन्सिलीला टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, “अगं, साधं काय नि बोल्ड काय, एकच कुटुंब. नाव प्रमुखाचं लागतं. रीत आहे.”

रीत! इथे कागदावरही कुणी आपलं नाव घालायचं नाही, फक्त तारीख. तीही रीतच. सोयीची आहे, ज्याला खुर्ची आहे त्याला.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “तू गप्प बसतेस, म्हणून लोक तुझ्या डोक्यावर मिरे वाटतात. लिही पत्र.”

११ मार्च, मंगळवार

लिहिलं. थेट पुरस्कार समितीला. जमेल तेवढं झोंबणारं. ‘दुसऱ्याच्या कष्टावर मिरवणारे’ हा शब्दप्रयोग दोनदा आला, तो एकदाही खोडला नाही. पाकीट पेटीत टाकलं आणि आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

१४ मार्च, शुक्रवार

समितीने माझं पत्र साहेबांना दाखवलं. दाखवू देत! साहेब दिवसभर आपल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. संध्याकाळी दारात थांबून एवढंच म्हणाले, “मूळ कागद मागितलेत त्यांनी. काढून ठेव.”

ठेवते की! ट्रेसिंग पेपरचा ढीगच्या ढीग ठेवते, तारीखवार.

१९ मार्च, बुधवार

तळघरातल्या कागदखोलीत गेले. तिथले काका बिचारे शिडीवर चढले. माझी गुंडाळी मिळाली. तिच्या मागून आणखी एक गुंडाळी खाली पडली. उलगडली.

पहिलवान. तोच. टाचा खालून पोखरलेल्या. तारीख — मी नोकरीला लागण्याच्या चार वर्षं आधीची. कडेला साहेबांच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने: ‘फार दांडगा होतोय. ठेवून द्यावा.’

आत ट्रेसिंग पेपरचा एक ताव. त्यावर हीच अक्षरं, थरथरत्या रेघेत. तारखेचा आकडा माझ्या हातचा.

इथे नव्या माणसाने पहिलं वर्षभर जुने कागद गिरवायचे, हात वळावा म्हणून. एक गुंडाळी संपली की दुसरी. कुणाची, कसली, कोण बघतं! मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. शपथ! हाताला मात्र पाठ होतं. साहेबांनाही आठवत नसणार. आठवत असतं, तर ते पत्र वाचून गप्प बसले असते का?

आणि राग आला तो पुन्हा त्यांचाच! एवढं दणकट अक्षर काढलं आणि भिऊन कपाटात कोंबलं कशाला? मग स्वतःचा आला. तो अजून उतरलेला नाही.

काकांनी शिडीवरूनच विचारलं, “दोन्ही नेता का, बाई?”

“एकच, माझी,” मी म्हटलं.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या समारंभाच्या आधी साहेबांना गाठून त्या दुसऱ्या गुंडाळीचं सांगणार. दोन मिनिटांचं काम आहे.

२२ मार्च, शनिवार

गाठायचं राहिलंच. साहेबांनी माइकवर सांगितलं, “बोल्ड हिचं आहे. नाव घालायचं राहिलं, चूक माझी.” सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मी वर गेले आणि पुरस्कार घेतला.